हाताआधी खवाटा

लकव्यानंतर घरातल्या सगळ्यांची नजर बोटांवर असते. बोट हललं का, मूठ वळली का. आमच्या काकांची निफाडजवळ द्राक्षबाग. उभी हयात मांडवाखाली हात वर करून छाटणी आणि विरळणी करण्यात गेली. उजवा हात लुळा पडल्यावर त्यांचा एकच प्रश्न होता, गोडी छाटणीपर्यंत हात वर जाईल ना? उपचारांसाठी ते नाशिकला, गंगापूर रोडला मुलाकडे राहायला आले. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सुरुवातीला बोटांना हातच लावला नाही. काकांना डाव्या कुशीवर वळवलं, उजवा हात पुढे उशीवर ठेवला आणि पाठीवरचा खवाटा धरला.

एक तळवा खांद्याच्या पुढून, दुसरा खवाट्याच्या खालच्या टोकाशी. "बाबा, खांदा नाकाकडे... आता मागच्या खिशाकडे." आधी ताईच सरकवत होत्या. मग "आता थोडं तुम्ही द्या" म्हणाल्या. त्यांनी माझी बोटं त्या टोकाशी ठेवली. काका जोर लावत होते. हात तसाच निपचित, पण कातडीखाली बारीक थरथर लागली.

"बोटांचं कधी घेणार?" काकांनी विचारलं.

"मांडवाचा अँगल हलत असेल तर तार ताणली जाते का, बाबा?"

काका गप्प झाले. त्यांना ते लगेच पटलं.

हात पूर्ण वर नेताना साधारण १८० अंशांतले १२० खांद्याच्या सांध्यात होतात, उरलेले ६० खवाटा बरगड्यांवरून फिरतो म्हणून मिळतात. त्याला फिरवणारे आणि बरगड्यांशी धरून ठेवणारे स्नायू दुबळे असताना हात नुसता वर ओढला, तर दंडाच्या हाडाचं डोकं वरच्या हाडाशी घासतं, मधले स्नायुबंध चिमटतात आणि खांदा दुखायला लागतो. दुखणारा खांदा माणूस हलवत नाही, मग तो आखडतो. म्हणूनच शेजाऱ्यांनी सुचवलेली दाराची पुली ताईंनी ठाम नाकारली.

पुढे टेबलावर टॉवेल, त्यावर दोन्ही हात, आणि टॉवेल हळूहळू पुढे सरकवायचा. दिसायला सोपं, पण काकांचा खांदा कानाकडे चढायचा, कंबर वाकायची. ताई तिथेच थांबवायच्या. कमी सरकू दे, पण नीट सरकू दे. मला या उपचारातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटलं. टॉवेल किती पुढे गेला ते घरच्यांना दिसतं. तो कशाच्या जोरावर गेला, ते ओळखायला शिकलेली नजर लागते.

अशा नजरेची माणसं आपल्या शहराला परकी नाहीत. राज्यातल्या बहुतेक फिजिओथेरपी कॉलेजांचं विद्यापीठ १९९८ पासून इथेच, म्हसरूळला आहे. तरी दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसाला आपण काखेत हात घालून किंवा मनगट धरून उठवतो. कृपा करून तसं करू नका. लुळ्या हाताला बसताना उशीचा आधार द्या, आणि पहिल्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टला खांदा दाखवा.