बेवड आणि बुरशी

मराठीत बुरशीबद्दल कुणी कधी चांगलं बोललेलं नाही. शिळ्या भाकरीवर येते ती बुरशी, लोणच्यावर धरते ती बुरशी, आणि जुनाट डोक्याच्या माणसाचे विचार ते बुरसटलेले. शेतातही तेच. तुरीला मर लागली, द्राक्षावर केवडा आला, आल्याचा कंद कुजला, की बोट बुरशीकडे. त्यामुळे जमिनीतल्या एका बुरशीवर आपलं निम्म्याहून अधिक पीक पोसलं जातं असं सांगायला गेलं की समोरचा शेतकरी आधी हसतो आणि मग विचारतो, औषध कुठलं मारायचं? त्या प्रश्नाला एकशे चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

तो १८८५ सालापासून धरता येतो. त्या वर्षी बर्लिनमध्ये आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञानं एक निबंध छापला. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाची महागडी अळंबी लागवडीखाली आणायची होती आणि ते काम फ्रांककडे होतं. अळंबीचं पीक काही साधलं नाही. पण झाडांच्या मुळांची टोकं उकरून पाहताना त्याच्या लक्षात आलं की त्यांच्यावर बुरशीचं आवरण आहे, आणि तरी झाड ठणठणीत आहे. या जोडीला त्यानं ग्रीक शब्द जोडून नाव दिलं मायकोरायझा, म्हणजे बुरशी-मूळ. त्याच १८८५ मध्ये फ्रान्सच्या बोर्दोमध्ये पिएर मिलार्देनं चुना आणि मोरचूद यांच्या मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून मळेवाले त्यांच्यावर हे निळसर पाणी शिंपडत. नेमक्या त्याच वेली केवड्यातून वाचलेल्या त्याला दिसल्या होत्या. आज निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात शाळकरी पोरालाही हे बोर्डो मिश्रण ठाऊक असतं. फ्रांकचं नाव तिथे कुणी ऐकलेलं नसेल. बुरशीशी मैत्री आणि बुरशीशी लढाई यांचं जन्मसाल एकच, फक्त बाजारात बाटली आली ती लढाईची.

भारतातही सुरुवात लढाईनंच झाली, आणि ते रास्तही होतं. बिहारमधल्या पुसा इथल्या संस्थेत एडविन बटलर हा सरकारी बुरशीतज्ज्ञ होता. तुरीची मर कुठल्या फ्युजेरियम बुरशीमुळे होते ते त्यानं १९१० साली दाखवून दिलं. ही बुरशी तुरीच्या धसकटांत, जमिनीत, वर्षानुवर्षं टिकून राहते. गंमत म्हणजे उतारवयात, १९३९ साली, याच बटलरनं पिकांच्या मुळात शांतपणे राहणाऱ्या बुरशींवर एक मोठा आढावा लिहिला. तोवर त्याची कीर्ती रोगांचा माणूस म्हणून पक्की झाली होती.

दुसरी वाट इंदूरला फुटली. होळकरांनी दिलेल्या जमिनीवर कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ काम करत होते. त्यांची इंदूर पद्धतीची कंपोस्ट खताची ख्याती जगभर गेली. त्यावरच्या १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचं नाव आहे. आपल्याकडे ते क्वचितच घेतलं जातं. पुढे १९४० च्या ग्रंथात हॉवर्ड यांनी मायकोरायझाला जमिनीतला ह्यूमस आणि झाडाचा रस यांना जोडणारा जिवंत पूल म्हटलं. झाड ही बुरशी पचवून पोसलं जातं, असा त्यांचा समज होता. तो चुकीचा निघाला. देवघेव दुतर्फा आहे: झाड बुरशीला साखर आणि चरबी देतं, बुरशी झाडाला मुख्यतः स्फुरद आणून देते. पण पूल आहे आणि तो जिवंत आहे, हे त्यांचं म्हणणं खरंच ठरलं.

मी ही देवघेव पहिल्यांदा पाहिली ती कांद्याच्या मुळात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. कांद्याची मुळं पाहिलीत तर कळेल, पांढऱ्या दोऱ्यासारखी जाड, विरळ, केसमुळं जवळजवळ नाहीतच. अशा मुळानं खायचं काय? मुळाचे बोटभर तुकडे पोटॅशच्या द्रावणात उकळले, धुतले, आम्लात बुडवले, निळ्या रंगात ठेवले. १९७० साली इंग्लंडच्या रोदॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रातून आलेली ही कृती आजही जवळपास तशीच करतात. मग काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली. आधी नुसत्या पेशींच्या रांगा, विटांच्या भिंतीसारख्या. आणि एकाएकी एका पेशीच्या आत निळ्या शाईनं काढल्यासारखं इवलंसं झाड, बुंधा, फांद्या, फांद्यांना फांद्या. शेजारच्या पेशीत दुसरं. स्फुरद आणि साखर यांची अदलाबदल इथे होते. हे झाड जेमतेम काही दिवस जगतं आणि विरघळतं, नवं उगवतं. बाहेरच्या बाजूला मुळातून निघालेले तंतू मातीत पसरलेले असतात, केसाहून कितीतरी बारीक.

आता आपली काळी जमीन आठवा. तिच्यातल्या चुन्यात स्फुरद अडकून बसतो, जागचा हलत नाही. मुळाला लागून असलेला मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा चाटूनपुसून झाला की मूळ उपाशी. बुरशीचे तंतू त्या पट्ट्यापलीकडे कित्येक सेंटिमीटर जाऊन येतात. इंग्लंडमध्ये बार्बरा मॉस यांनी १९५० च्या दशकात स्ट्रॉबेरी आणि सफरचंदाच्या मुळांवर हे काम सुरू केलं, पुढे रोदॅमस्टेडला कांदा हाताशी घेतला, आणि विषय वनस्पतिशास्त्राच्या कपाटातून शेतात आला.

शेतानं त्या बुरशीचं काय केलं, हे मात्र अपघातानंच कळत गेलं. अमेरिकेत १९६० च्या दशकात लिंबूवर्गीय रोपवाटिकांची माती मिथाइल ब्रोमाइडनं निर्जंतुक करत. रोग गेले, आणि रोपंही खुरटली. विषाचा परिणाम असेल असं वाटलं. १९७२ पर्यंत उलगडा झाला की रोपांचं पोट भरणारी बुरशीच धुरीत मेली होती. मातीत ती परत मिसळली की तीच रोपं तरारून येत.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट मला आपल्या जास्त जवळची वाटते. क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्स भागात आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी जमीन आहे. ओल साठावी म्हणून शेतकरी ती वर्षभर किंवा त्याहून जास्त उघडी, तणमुक्त ठेवत. पुढच्या पिकाला भरपूर ओल, आणि तरी सूर्यफूल, मका पिवळे पडून खुरटायचे. जॉन थॉम्प्सन यांनी १९८७ साली दाखवलं की कारण मायकोरायझाची उपासमार हे आहे. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय फार काळ जगत नाही. शेत मोकळं ठेवलं की तिचं अन्नच बंद. त्याच सुमारास कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात मरे मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की न नांगरलेल्या जमिनीतला मका कोवळेपणीच जास्त स्फुरद उचलतो, कारण गेल्या हंगामातलं तंतूंचं जाळं अखंड असतं. रोपाचं मूळ त्यात फक्त जोडलं जातं. नांगर फिरला की जाळं तुटलं.

नांगराचा विषय निघालाच आहे तर किर्लोस्करांची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन नासते, विषारी होते, या समजुतीनं शेतकरी तो घेईनात; पहिला माल खपायला दोन वर्षं गेली. समजूत खुळी होती हे उघड आहे. हरळी आणि कुंदा काढायला त्या नांगराएवढं चांगलं साधन नव्हतं, आणि मी काही लाकडी नांगराचे गोडवे गाणार नाही. पण तो नांगर काही वर्षांतून एकदा फिरे. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर, आणि दर हंगामाला मातीचं पीठ होऊ लागलं. कामाचे तास वाचले, कंबरा वाचल्या. तंतूंचं जाळं विणायला वेळ उरला नाही.

स्फुरदाचं खत हा दुसरा घाव, आणि तो मऊ हातानं बसला. सुपर फॉस्फेटचं पेटंट १८४२ सालचं, म्हणजे मायकोरायझाला नाव मिळण्याच्या त्रेचाळीस वर्षं आधीचं. घरात कणगी भरलेली असली की दुकानदाराकडे उधारी कोण ठेवतो? मुळाशी विद्राव्य स्फुरद मुबलक दिसला की झाड बुरशीला साखर द्यायला हात आखडता घेतं. म्हणजे खतानं बुरशी मरत नाही, तिचं गिऱ्हाईक तुटतं. आणि आपण तर डीएपीच्या गोणीला शेतीचं दुसरं नाव करून टाकलं.

फवारणीबद्दल सावधपणे बोललं पाहिजे, कारण सगळी बुरशीनाशकं सारखी नाहीत. मेटॅलॅक्झिलचा मायकोरायझाला फारसा त्रास होत नाही. पण संशोधकांना प्रयोगासाठी ही बुरशी मुद्दाम दाबायची असली की ते बेनोमिल वापरत आले आहेत, आणि बेनोमिल मातीत गेलं की त्याचं कार्बेन्डाझिम होतं, जे आपल्याकडे रोपाच्या मुळाशी सर्रास ओततात. बोर्डोचं तांबं तर मातीच्या वरच्या थरातच साठत जातं. युरोपीय संघानं २०१९ पासून तांब्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे.

आमच्या घरी जमिनीच्या या सगळ्या देण्याघेण्यासाठी एकच शब्द होता, बेवड. आजोबा म्हणत, हरभऱ्याचा बेवड आहे, गहू चांगला येईल. आधीचं पीक जमिनीला काय देऊन गेलं, याचा तो हिशेब. त्यात नत्र होतं, ओल होती, रोगाचं चक्र तुटणं होतं. ज्वारीत तूर घ्यायची मराठवाड्याची जुनी रीत घ्या. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संशोधन संस्थेत १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं की ज्वारीच्या आंतरपिकानं किंवा फेरपालटीनं तुरीची मर बरीच कमी होते. बटलरची बुरशी दाबायला औषध लागलं नव्हतं, ज्वारी पुरली होती. उलटा बेवडही असतो. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट ही पिकं मायकोरायझाला थाराच देत नाहीत, त्यामुळे मोहरीवर्गीय पिकानंतरच्या मक्याच्या मुळात ती कमी आढळते. कोबीच्या बेवडावर कांदा लावणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

परत फिरायच्या वाटा आता दिसतात. कोल्हापूरचे ऊस उत्पादक प्रताप चिपळूणकर नांगरणीशिवाय शेती आणि धसकटं जागेवरच कुजवणं यांवर वर्षानुवर्षं लिहीत आहेत. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा तंत्रात भाताची चिखलणीच होत नाही, मुळं जमिनीतच राहतात. दुकानात मायकोरायझाची पाकिटंही आली आहेत. पाकिटाबद्दल माझं मत कोरडं आहे: उघड्या, चाळलेल्या, डीएपीनं भरलेल्या वाफ्यात ते टाकणं म्हणजे बिऱ्हाड नसलेल्या घरी पाहुणे धाडणं. दोन पिकांच्या मधे ताग किंवा चवळी उभी ठेवा, धसकटं उपटू नका, पैसे वाचतील.

केंद्र सरकारनं २०१५ साली मृद आरोग्य पत्रिका सुरू केली. तिच्यात बारा रकाने आहेत: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. जिवंत काहीही मोजणारा रकाना त्यात नाही.