पट्टेवाले पिल्लू, ठिपकेवाली पाल

लेपर्ड गेको नावाच्या पालीचे नुकतेच अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पाहिले, तर हिला 'लेपर्ड' म्हणजे बिबट्या का म्हणतात, असा प्रश्न कोणालाही पडेल. पिल्लाच्या पिवळ्या अंगावर आडवे, रुंद, काळे पट्टे असतात. शेपटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात. बिबट्यासारखे ठिपके मात्र कुठेच दिसत नाहीत. वर्षभरात हेच पिल्लू वीस-बावीस सेंटिमीटर लांबीची पाल होते, आणि तोवर पट्टे जाऊन अंगभर काळे ठिपके आलेले असतात. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली या जातीला नाव दिले. त्यातील 'मॅक्युलॅरियस' या शब्दाचा अर्थही ठिपकेवाला असाच आहे.

ही जात पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि त्यालगतच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशातली. तिच्या बहिणी म्हणाव्यात अशा जाती आपल्याकडेही आहेत. एक गुजरात-महाराष्ट्रात सापडते, आणि सातपुड्यातल्या दुसऱ्या एका जातीचे वर्णन २०१४ साली प्रसिद्ध झाले. घरातल्या पालीहून या अगदी निराळ्या. यांना उघडझाप करणाऱ्या पापण्या असतात आणि बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे भिंतीवर चढणे यांना जमत नाही. पुष्कळ ठिकाणी लोक यांना विषारी समजून मारतात. त्या मुळीच विषारी नाहीत.

अमेरिकेत आणि युरोपात लेपर्ड गेको कित्येक वर्षांपासून पाळली जाते व तिची पैदास केली जाते. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते. पिल्लू हाती आले की पाळणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे मोठेपणी कसे दिसेल? प्रश्न हौसेचा खरा, पण त्याचे उत्तर शोधताना आनुवंशिकतेचे बरेच शास्त्र हाती लागते.

पालीच्या कातडीत मुख्यतः तीन प्रकारच्या रंगपेशी असतात. एकीत काळे रंगद्रव्य असते, दुसरीत पिवळे किंवा नारिंगी, आणि तिसरीत रंगद्रव्य नसून प्रकाश परावर्तित करणारे सूक्ष्म स्फटिक असतात. पांढरेपणा येतो तो त्यांच्यामुळे. पिल्लू वाढू लागले की काळ्या पट्ट्यांचा मधला भाग फिका पडत जातो, कडा तुटतात, तुकड्यांचे ठिपके होतात, आणि पिवळ्या जागेतही नवे ठिपके उमटतात. म्हणजे पिल्लाचा पट्टा हा प्रौढ पालीच्या नक्षीचा नकाशा नव्हे.

मग पिल्लाकडे पाहून काय ओळखता येते? पट्टे काळे नसून तपकिरी असतील, तर पाल विवर्ण, म्हणजे अल्बिनो आहे आणि तिला काळा रंग कधीच येणार नाही. पिल्लू केवळ काळे-पांढरे असून पिवळ्याचा मागमूसही नसेल, तर ते 'स्नो' या प्रकारचे. मात्र मोठेपणी त्यात थोडा पिवळेपणा शिरतो, हे ठाऊक नसलेला खरेदीदार हमखास निराश होतो. दोन 'स्नो' पालींची जोडी जमवली, तर सरासरीने चारांत एक पिल्लू साधे, दोन 'स्नो' आणि एक 'सुपर स्नो' निघते. सुपर स्नोचे डोळे पूर्ण काळे असतात, म्हणून ते पहिल्याच दिवशी ओळखू येते. गुलबाक्षीच्या लाल आणि पांढऱ्या फुलांच्या संकरातून गुलाबी फुले येतात, तोच हा अपूर्ण प्रभावितेचा नियम.

कधी कधी तर मोठ्या पालीपेक्षा पिल्लूच अधिक सांगते. नक्षी नसलेल्या पालींचे दोन आनुवंशिक प्रकार आहेत आणि प्रौढपणी ते एकमेकांसारखे दिसू शकतात. पण एकाची पिल्ले जन्मतःच कोरी असतात, तर दुसऱ्याच्या पिल्लांवर तपकिरी धब्बे असतात व ते पुढे विरून जातात.

आता एक कोडे. आई विवर्ण, बापही विवर्ण. पिल्ले मात्र एकूणएक काळ्या पट्ट्यांची. असे होईल का? लेपर्ड गेकोत होते! विवर्णतेचे तीन वेगवेगळे वाण पाळीव पालींत आहेत आणि प्रत्येकात बिघडलेले जनुक निराळे आहे. काळे रंगद्रव्य तयार होण्यासाठी अनेक जनुके नीट चालावी लागतात. आईत एक बिघडलेले, बापात दुसरे. पिल्लाला प्रत्येक जनुकाची एक चांगली प्रत कोणा ना कोणाकडून मिळते आणि काळा रंग परत येतो. अशी पिल्ले दिसायला साधी, पण दोन्ही दोष पोटात वागवणारी असतात. त्यांचीच आपसांत जोडी जमवली आणि ती दोन जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असली, तर पुढच्या पिढीत काळ्या पट्ट्यांच्या व विवर्ण पिल्लांचे प्रमाण किती येईल, हे चौकटी आखून स्वतः काढून पाहा. उत्तर ३:१ येणार नाही.

नारिंगी रंगाचे गणित याहून अवघड. तो एका जनुकाचा खेळ नाही. माणसाच्या उंचीप्रमाणे अनेक जनुकांचा थोडाथोडा हातभार त्याला लागतो. पिल्लू पिवळेच जन्मते आणि नारिंगी छटा पुढच्या काही महिन्यांत चढत जाते. येथे आईबापांकडे पाहून अदमास बांधावा, एवढेच शक्य. त्यात उबवणीच्या तपमानाचीही भर पडते. या पालीत नर की मादी हे गुणसूत्रांवर ठरत नाही. अंडी २६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवली तर जवळजवळ सर्व माद्या, ३२-३३ अंशांना बहुतेक नर, आणि ३४ अंशांना पुन्हा बहुतेक माद्या! थंडाव्यात उबलेली पिल्ले अधिक काळसर निघतात, असाही पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

आता ठिपके. कोणता ठिपका नेमका कोठे येईल? याचे उत्तर शोधताना आपण ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग यांच्यापाशी येऊन पोहोचतो. त्यांनी १९५२ साली दाखवले की दोन रसायनांच्या परस्परक्रियेतून एकसारख्या पृष्ठभागावर आपोआप नक्षी उमटू शकते. आठवडी बाजाराचे उदाहरण घ्या. मोकळ्या मैदानात एक भेळेची गाडी उभी राहिली की तिथे गर्दी जमते, म्हणून शेजारी दुसरी गाडी येते. पण आसपासचे गिऱ्हाईक तिकडे ओढले गेल्याने थोड्या अंतरावर कोणाचाच धंदा होत नाही. गाड्यांचा पुढचा घोळका पार पलीकडे जमतो. जवळ उत्तेजन, दूर अटकाव. घोळके किती अंतरावर जमतील, हे मैदानाच्या आणि माणसांच्या स्वभावावर ठरेल. पण पहिली गाडी कोठे उभी राहिली, हा योगायोग.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी आठ लेपर्ड गेकोंच्या डोक्यांवरील नक्षीची अशाच नियमांवर चालणाऱ्या संगणकीय नक्षींशी तुलना केली. पालीपालींतील फरकात जनुके आणि परिस्थिती यांचा एकत्रित वाटा मोठा दिसला. पण वाढीच्या वेळच्या निव्वळ योगायोगाचा वाटाही लक्षणीय होता. एकरूप जुळ्या भावांच्या बोटांचे ठसे वेगळे असतात ना, तसेच हे. ठिपके दाट असतील की विरळ, याचा अंदाज आईबापांवरून करता येईल. ठिपक्याची जागा कोणालाही सांगता येणार नाही.

हे सारे हौसेपुरतेच असते तर बरे होते. काही वर्षांपूर्वी 'लेमन फ्रॉस्ट' नावाचा एक नवा प्रकार निघाला. फिक्या पांढऱ्या तेजावर लिंबासारखा पिवळा रंग, आणि पिल्लू पहिल्या दिवसापासून उठून दिसणारे. साहजिकच त्याला मोठी मागणी आली. पण या पालींच्या अंगावर पुढे पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या रंगाचा माग स्पिंट-१ या जनुकापर्यंत लावला. पांढऱ्या रंगपेशी बेसुमार वाढतात, हेच त्या तेजाचे कारण आणि हेच गाठींचेही. हे जनुक बाळगणाऱ्या पालींपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पालींना गाठी होतात. त्या साधारण सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत केव्हाही दिसू लागतात. रंग आणि रोग एकाच जनुकाचे असल्याने निवड करून रोग गाळायचा आणि रंग ठेवायचा, हा पैदास करणाऱ्यांचा नेहमीचा उपाय येथे लागू पडत नाही. अनेकांनी या वाणाची पैदास थांबवली. लेपर्ड गेको वर्षभरात पिल्ले देण्याच्या वयाची होते, आणि पहिली गाठ दिसण्याआधीच तिची पुढची पिढी जन्मलेली असू शकते.