आधी लाकडाचं, मग धातूचं

अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डचे डेव्हिड गिंजरी यांनी 1980च्या दशकात सात छोटेखानी पुस्तकं काढली. विषय एकच, भंगारातून स्वतःचं वर्कशॉप. आधी कोळशाची भट्टी, मग लेथ, त्यानंतर शेपर, मिलिंग मशीन, ड्रिल प्रेस. लेथ हाताशी नसताना लेथ बनवायचं आणि पुढची यंत्रं त्याच्या मदतीने, अशी ही चढती भाजणी.

गिंजरींचे चाहते बोलतात ते भट्टीबद्दल. जुने पिस्टन वितळवायचे, लालभडक मूस चिमट्याने उचलायची. सांगायला झकास आहे. पण ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं आणि कोळसा नि ब्लोअर तेवढी आच आरामात देतात. यंत्राचं बरंवाईट ठरतं ते त्याआधी, सुतारकामाच्या बाकावर, पॅटर्न घडताना.

हव्या त्या भागाचा लाकडी नमुना, म्हणजेच पॅटर्न, करायचा, त्याच्याभोवती ओलसर वाळू ठासायची, नमुना अलगद काढायचा आणि पोकळीत रस ओतायचा, एवढंच हे काम दिसतं. मात्र हुबेहूब नमुना केला की हमखास फसगत होते. धातू थिजताना आणि निवताना आकसतो. ॲल्युमिनियम साधारण 1.3 टक्के, बीड 1 टक्का. म्हणजे 300 मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या भागासाठी लाकूड 304 हवं. दर वेळी हा हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकर आकुंचनाइतकी वाढवलेली खास पट्टी वापरतात. जो पृष्ठभाग नंतर यंत्रावर कापायचा, तिथे आणखी दोन-तीन मिलिमीटर जाडी ठेवायची. लाकडावरून ॲल्युमिनियमचा पॅटर्न आणि त्यावरून बिडाचा भाग काढायचा असेल, तर दोन्ही आकुंचनं मूळ लाकडातच धरावी लागतात.

मग येतो उतार. इडलीपात्राची वाटी तळाकडे निमुळती असते म्हणून इडली अखंड सुटते. पॅटर्नच्या उभ्या बाजूंनाही तसाच एक ते तीन अंशांचा उतार लागतो, नाहीतर वर ओढताना वाळूची कड ढासळते. आतले काटकोनी कोपरे मेणाने किंवा पुट्टीने गोलसर भरतात. ती केवळ शोभा नव्हे, धारदार कोपऱ्यात धातू निवताना तडकतो. सगळ्यात उफराटं डोकं चालवावं लागतं ते मोठ्या भोकासाठी: भागाला जिथे भोक, तिथे पॅटर्नला बाहेर आलेला गोल खुंट. त्याने वाळूत पडलेल्या खळग्यात कोअर, म्हणजे भोकाची जागा अडवणारा वाळूचा गाभा, बसतो. बारीक भोकांसाठी हा खटाटोप करू नये. भरीव ओतावं आणि ड्रिल मारावं.

आपल्याकडे पॅटर्नला सागवान नावाजलेलं, तिकडे पाइन किंवा महोगनी. लाकूड कुठलंही असो, शेलॅकचे हात दिल्याशिवाय वाळूत घालू नये. ओल शोषून ते फुगतं आणि वाळूला चिकटतं.

गिंजरींच्या लेथचा बेड ॲल्युमिनियमचा असला तरी सरकत्या भागांसाठी त्यावर पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत. हलक्या कामाला तो पुरतो, जड कापाला बीडच हवं. बीड वितळायला बाराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. तो घरच्या अंगणात करायचा उद्योग नाही. पण कोल्हापूर-बेळगावच्या पट्ट्यात तुम्ही राहत असाल तर ओतकामाचे कारखाने जवळच आहेत. भट्टी बांधण्यात सुट्ट्या घालवू नका. पॅटर्न मात्र स्वतः करा, आणि वाळूत जाण्याआधी एखाद्या जुन्या मोल्डरला दाखवून घ्या.