वसुलीचा आठवडा

मार्चचा शेवटचा आठवडा. बेलापूर बुद्रुकच्या तलाठी कार्यालयात सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा नाही. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर अशोकनगरच्या कारखान्याकडे चाललाय, त्याच्या गाण्यांत आतलं बोलणं बुडतं आणि पुन्हा वर येतं. पदाचं नाव 2024 मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं, पण टेबलामागच्या तरुणीला गाव तलाठी मॅडमच म्हणतं.

एक बाबा पुढं सरकतात. "माझं किती झालं, पोरी?"

मॅडम सारा, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीचे उपकर, रोहयोचा कर सगळं वाचून दाखवतात. ऊस असल्यानं वाढीव शिक्षण करही. सातबाऱ्यावरचा आकार जुन्या जमाबंदीतला, त्यामुळं मूळ शेतसारा अगदी थोडा. बाबा नोटा मोजून देतात, पावती डोळ्यांजवळ नेऊन बघतात, घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात. मग विचारतात, "अन् वारसाच्या नोंदीचं?"

"नोटिशीचे पंधरा दिवस भरू द्या बाबा. मग सर्कल साहेब मंजूर करतील."

सारा भरलाय, तेव्हा आता नोंदीचं विचारणारच, हा बाबांचा हक्क मला फार मोलाचा वाटतो.

पुढचे गृहस्थ बिनशेती प्लॉटचे थकबाकीदार. "रस्ता नाही, गटार नाही, कर कशाचा?" त्यांचा आवाज चढतो. रस्ता मॅडमच्या हातात नाही, पण समोर सरकार म्हणून त्याच बसल्यात. त्या पूर्ण ऐकून घेतात आणि थकबाकीचा बोजा उताऱ्यावर चढला तर प्लॉट विकताना अडेल, एवढंच सांगतात. गृहस्थ निम्मे पैसे ठेवतात.

कोपऱ्यात उत्पन्नाच्या अहवालासाठी आलेला मुलगा बसलाय. स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, त्यातला एक याचा. गर्दी जरा ओसरल्यावर तो विचारतो, "मॅडम, नोकरी कशीये?"

त्या लिहिता लिहिता बोलतात. मूळ पगार 25,500 पासून. दर महिन्याला येतो, दुष्काळ असो की गारपीट. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची ही लेक, घरातली पहिली पगारदार. भावाची फी तिच्या पगारातून जाते. जुनी पेन्शन मात्र नाही. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांसाठी ती बंद झाली, त्यासाठी मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला, तेव्हा आपलंही कार्यालय बंद होतं, असं त्या सांगतात. आणि काम? दोन सजांचा कार्यभार, ई-पीक पाहणी, पंचनामे, निवडणूक, त्यात वसुलीचं उद्दिष्ट. "लग्नात गेले तरी लोक जेवणाच्या पंगतीत फेरफार विचारतात," त्या म्हणतात.

हे दप्तर पूर्वी कुलकर्ण्यांच्या घरात वारशानं चालायचं. 1950 च्या कायद्यानं ती वतनं गेली. आज परक्या जिल्ह्यातली एक मुलगी परीक्षा देऊन या खुर्चीवर बसते आणि बागायतदाराकडूनही तेवढ्याच ताठ मानेनं वसुली करते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

फोन वाजतो. तहसीलमधून. प्रवरेच्या पात्रात वाळूच्या गाड्या उतरल्याची तक्रार आहे, रात्री पथकात जायचंय. कोतवाल मोटारसायकलचं पेट्रोल बघायला बाहेर जातात.

"पोलीस असतात ना बरोबर?" मुलगा विचारतो.

"कधी असतात."

अंधारात वाळूनं भरलेल्या डंपरसमोर कोतवालाला घेऊन उभं राहणं हा कुणाच्याही नोकरीचा भाग असता कामा नये. राज्यात अशा कारवायांत तलाठ्यांवर हल्ले झालेत. बंदोबस्त आल्याशिवाय पथकानं हलूच नये, असं मी मॅडमना म्हणते. त्या मान डोलावतात, पण तहसीलदारांना नाही म्हणता येत नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

मुलाचा अहवाल तयार होतो. सही-शिक्का बघून तो कागद पिशवीत ठेवतो, दारापर्यंत जातो आणि वळून विचारतो, "मॅडम, पुढची जाहिरात कधी निघेल?"