संत फ्रान्सिस झेवियर यांचा अखेरचा सोबती

दरवर्षी ३ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा करते. २०२४च्या अखेरीस जुन्या गोव्यात संतांच्या अवशेषांचे दर्शन खुले झाले, तेव्हा मराठवाड्यातूनही भाविक तेथे गेले. शांग्च्वान बेटावरील संतांच्या मरणाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती आपल्यापर्यंत ज्याच्यामुळे पोहोचली, त्या अँतोनियोविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो.

अँतोनियो हा चिनी तरुण. गोव्यातील संत पॉल महाविद्यालयात त्याने कित्येक वर्षे शिक्षण घेतले. ही संस्था आरंभी ‘सांता फे’, म्हणजे ‘पवित्र श्रद्धा’, या नावाने ओळखली जाई. तेच नाव अँतोनियोला चिकटले. एप्रिल १५५२मध्ये झेवियर चीनकडे निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून त्यांनी त्याला सोबत घेतले. झेवियर हे केवळ एक साधे धर्मगुरू नव्हते. पोपचे प्रतिनिधी म्हणून ते १५४२मध्ये गोव्यात आले होते आणि पूर्वेकडील येशूसंघाची सूत्रे त्यांच्या हाती होती. परंतु मलाक्का येथे पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांची वाट अडवली, नियोजित शिष्टमंडळ मोडले आणि अधिकारपत्रांचा काही उपयोग झाला नाही.

ऑगस्टच्या अखेरीस ‘सांता क्रूझ’ जहाज शांग्च्वानला पोहोचले. परकीयांना चीनमध्ये प्रवेश निषिद्ध होता. पकडले गेल्यास तुरुंग ठरलेला. एका चिनी व्यापाऱ्याने मिरीच्या मोबदल्यात त्यांना गुपचूप कँटनला नेण्याचे कबूल केले, पण तो आलाच नाही. सोबत आलेल्या येशूसंघीय बंधूला झेवियर यांनी संघातून कमी केले. व्यापारी जहाजे एकामागून एक परतू लागली. गोव्यात इतकी वर्षे काढल्यामुळे अँतोनियोची मातृभाषाही मागे पडली होती. म्हणजे ज्या कामासाठी त्याला आणले, तेही त्याच्याकडून धड होणार नव्हते. असे असूनही तो राहिला. थंडी आणि अन्नाची टंचाई अशा दिवसांत तो पोर्तुगिजांकडे जाऊन गुरूसाठी खाणे मागून आणी.

२१ नोव्हेंबरला झेवियर यांना ताप भरला. ते जहाजावर गेले, पण लाटांचे हेलकावे सोसेनात, म्हणून दुसऱ्या दिवशी परतले. उपचार म्हणून त्यांचे रक्त काढण्यात आले. त्याने ते बेशुद्ध पडले. भ्रमात ते अशा भाषेत बोलत होते, जी अँतोनियोला कळत नव्हती. ती त्यांची बास्क मातृभाषा असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. ३ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी अँतोनियोने त्यांच्या हाती पेटती मेणबत्ती दिली आणि थोड्याच वेळात त्यांनी प्राण सोडला. दफनाच्या वेळी अँतोनियोसह अवघी चार माणसे होती. पुढे अस्थी हिंदुस्थानात नेता याव्यात म्हणून शवपेटीत चुना भरण्यात आला. १७ फेब्रुवारी १५५३ रोजी ती उघडली, तेव्हा देह अविकृत आढळला.

हे सारे अँतोनियोने येशूसंघातील मानुएल तेइशेरा यांना पत्राने कळवले. तेइशेरा यांनी पुढे संतांचे चरित्र लिहिले आणि आजवरच्या चरित्रकारांचा आधार तीच साक्ष आहे.

त्याच दशकात दूर इंग्लंडमध्ये जॉर्ज कॅव्हेंडिश आपल्या धन्याविषयी लिहीत होता. त्याचे धनी म्हणजे कार्डिनल वूल्झी, आठव्या हेन्री राजाचे सर्वसत्ताधीश मंत्री. राजाची मर्जी फिरली आणि २९ नोव्हेंबर १५३० रोजी लेस्टरच्या मठात त्यांचा अंत झाला, तेव्हा कॅव्हेंडिश त्यांच्याजवळ होता. दोघांचे धनी किती भिन्न! एकाने राजवाडे बांधले, दुसऱ्याचा देह गवताच्या झोपडीत पडला. पण दोघांच्याही अखेरच्या घटकेचा वृत्तांत जवळच्या सेवकानेच राखला. आमच्या मते अँतोनियोची साक्ष अधिक मोलाची. कॅव्हेंडिशपाशी घरदार आणि उसंत होती, अँतोनियोपाशी स्मरणाखेरीज काही नव्हते.

जालना जिल्हा ज्यात मोडतो, त्या औरंगाबाद धर्मप्रांतातही मिशनरींच्या बरोबरीने गावोगाव पायी फिरणारे धर्मशिक्षक होऊन गेले. फादरांची नावे चर्चच्या फलकांवर आहेत. सोबत्यांची नावे जुन्या घरांत विचारावी लागतात. ती विचारून लिहून ठेवणारी वडीलधारी मंडळी अजून आपल्यात आहेत.

संतांची पेटी २२ मार्च १५५३ रोजी मलाक्काला पोहोचली. तोवर अँतोनियो तिच्यासोबत होता. पुढील वर्षी मार्चमध्ये ती गोव्याला आली. बॉम जेझूस बॅसिलिकेतील समाधीच्या चबुतऱ्यावर चार ब्राँझ फलक आहेत. त्यांतील एकावर शांग्च्वानचे मरण कोरलेले दिसते.