लाजवर्दचा नगीना आणि खालांच्या गोळ्या

गेल्या रमजानच्या आधी आमच्या खालांच्या बोटात एक नवी अंगठी दिसली. चांदीची, वर गर्द निळा खडा आणि त्यात सोनेरी ठिपके. विकणाऱ्याने सांगितले होते, "हा अस्सल लाजवर्द आहे. बोटात असेपर्यंत ब्लडप्रेशर चढणार नाही." खालांनी 3,500 रुपये मोजले. अंगठी दिसायला छान होती, म्हणून घरात कुणी काही बोलले नाही. तीन आठवड्यांनी त्यांना चक्कर आली. दवाखान्यात नेले तेव्हा वरचे प्रेशर 190 होते. घरी येऊन पाहिले तर गोळ्यांची पाने कपाटात जशीच्या तशी. "नगीना आहे ना, मग गोळी कशाला?" असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते.

लाजवर्दची माहिती शोधायला आम्ही बसलो ते त्या रागातून. वाचता वाचता राग राहिला तो विकणाऱ्यावर. दगडाशी मात्र दोस्ती झाली.

लाजवर्द हा शब्द फारसी. युरोपातल्या भाषांत निळ्या रंगाला असलेले 'अझ्युअर', 'अझूल' असे शब्द याच लाजवर्दमधून निघाले. जगातला सर्वात नावाजलेला लाजवर्द अफगाणिस्तानच्या बदख्शान प्रांतातून येतो. कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-ए-संग नावाच्या जागी त्याच्या खाणी आहेत आणि त्या हजारो वर्षांपासून चालू आहेत. सिंधू संस्कृतीच्या व्यापाऱ्यांनी तिकडे अमू दर्याजवळ, शोर्तुगई येथे आपली वस्तीच उभारली होती. इराकमधल्या ऊरच्या शाही कबरींत आणि मिसरच्या तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्यावर हा दगड सापडतो. आपल्याकडे ताजमहालच्या पच्चीकारीत संगमरवरात कोरून बसवलेल्या निळ्या पाकळ्यांतही तो आहे. दुर्दैव असे की अलीकडच्या काळात याच खाणींच्या पैशावर हत्यारबंद टोळ्या पोसल्या गेल्या. 'ग्लोबल विटनेस' या संस्थेने 2016 साली त्यावर सविस्तर अहवाल काढला होता.

आता दगडाविषयी. लाजवर्द हे एकच खनिज नाही, तो तीन-चार खनिजांचा मिळून बनलेला खडक आहे. निळा भाग म्हणजे लाझुराइट, पांढऱ्या रेघा कॅल्साइटच्या आणि सोनेरी ठिपके पायराइटचे. त्या ठिपक्यांत सोने नसते, ते लोखंड आणि गंधक यांचे संयुग असते. गंमत म्हणजे निळा रंगही गंधकाचाच. पिवळ्याधमक गंधकाचे तीन-तीन अणू लाझुराइटच्या जाळीत अडकले की डोळ्यांना निळे दिसतात. म्हणूनच या दगडावर तेजाब पडले तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. कठीणपणात तो साधारण काचेइतका किंवा थोडा कमी, मोजपट्टीवर 5 ते 5.5. म्हणजे रोजच्या कामात त्यावर ओरखडे पडणारच.

नगीन्याइतकाच हा दगड रंगासाठीही वापरला गेला. नुसता कुटून चाळला तर राखाडी भुकटी मिळते. म्हणून जुने कारागीर ती भुकटी मेण, राळ आणि तेल यांच्या गोळ्यात मिसळत आणि राखेच्या पाण्यात तासन्‌तास मळत. निळे कण पाण्यात उतरत, पांढरे गोळ्यातच राहत. पहिल्या मळणीचा रंग सर्वात महाग. इराण, मिसर आणि मध्य आशियात कुरआन शरीफच्या हस्तलिखितांची पहिली पाने, सूरतींचे मथळे, कडेची फुले सोन्याबरोबर याच निळ्याने सजवली जात. मुघल चित्रकारांनीही तो सढळ हाताने वापरला. युरोपात तो समुद्रापलीकडून येई, म्हणून त्याला 'अल्ट्रामरीन' म्हणू लागले. तिथे त्याची किंमत सोन्याच्या तोडीची होती. जर्मनीतील डालहाइम येथे सुमारे 900 वर्षांपूर्वी वारलेल्या एका ख्रिस्ती साध्वीच्या दातांवरच्या कीटात लाजवर्दचे कण मिळाले. हे संशोधन 2019 साली छापून आले. ब्रशला टोक काढण्यासाठी ती ते तोंडात धरत असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. किताबे सजवणारे हात बाईचेही होते, हे आम्हाला फार आवडले.

एवढा महाग रंग स्वस्तात कसा बनवावा यासाठी फ्रान्समध्ये 1824 साली 6,000 फ्रँकचे बक्षीस लावले गेले. ते गिमे नावाच्या कारखानदाराने जिंकले. चिनी माती, सोडा, कोळसा आणि गंधक भट्टीत भाजून त्याने लाझुराइटसारखाच निळा रंग बनवला. तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पांढऱ्या कुर्त्या-पायजम्यासाठी आणि भिंतीच्या चुन्यात टाकायला पुडीतून जी नीळ यायची, ती हीच. म्हणजे बदख्शानच्या डोंगरातला रंग आपल्या मोरीच्या कट्ट्यावर कित्येक वर्षे होता.

युनानी तिबमध्येही लाजवर्दचा उल्लेख येतो. धुऊन शुद्ध केलेला लाजवर्द सौदावी विकारांच्या नुस्ख्यांत घालत. पण ते हकीमांनी तोलून दिलेले औषध, बोटातला खडा नव्हे. दगडातून काही झिरपून रक्तात जात नाही. घरी खडा उगाळून पोटात घेण्याचा विचार तर कुणी करूच नये. दीनच्या बाजूनेही यात कोडे नाही. नबी करीम (स.) चांदीची अंगठी वापरत हे हदीसमध्ये आहे, शौक म्हणून नगीना घालायला हरकत कुणाची? पण हजरत उमर (रजि.) यांनी हजर-ए-अस्वदचे चुंबन घेताना, तू दगड आहेस, तुझ्या हाती ना नफा ना नुकसान, अशा अर्थाचे जे बजावले होते ते आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काबागृहातल्या दगडाची ही गोष्ट, मग बाजारातल्या खड्याची काय कथा!

घ्यायचाच तर पाहून घ्या. बाजारात निळ्या रंगात बुडवलेला हाऊलाइट, रंगवलेला जास्पर, काच, इतकेच काय, प्लॅस्टिकसुद्धा लाजवर्द म्हणून विकले जाते. सोडालाइट नावाचा दगडही तसाच दिसतो, पण त्यात सोनेरी ठिपके क्वचित. प्लॅस्टिक हातात लगेच कोमट होते, दगड बराच वेळ गार राहतो. ठिपके अगदी सारख्या अंतरावर, शिंपडल्यासारखे दिसले तर शंका घ्या. नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून खड्याच्या मागच्या बाजूला हलकेच फिरवा. कापूस निळा झाला तर वरून रंग दिलेला आहे. मात्र एवढ्यावरून दगड खोटाच असे म्हणता येत नाही, कारण फिकट अस्सल लाजवर्दलाही रंग देऊन विकतात. मोठी रक्कम गुंतत असेल तर रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेचा दाखला मागावा. दुकानदार टाळाटाळ करू लागला की उत्तर मिळालेच. खडा अस्सल निघाला तरी त्याला लिंबू, सिरका आणि भांड्यांच्या पावडरीपासून जपावे लागते.

खालांच्या अंगठीवर आम्ही कापूस फिरवला. तो असा निळा झाला की खाला स्वतःच हसल्या. म्हणाल्या, "अगं, याने तर कपडे धुता येतील!" दुकानदाराकडे गेलो तर त्याने चांदीचे वजन दाखवून बोळवण केली. पावती आमच्याकडे नव्हती.

अंगठी त्यांनी टाकलेली नाही. भांडी घासायला बसताना काढून गोळ्यांच्या डब्यात ठेवतात आणि काम झाले की एक गोळी घेऊन अंगठी पुन्हा बोटात घालतात.