कोंडिविट्याचे जुने चर्च : साष्टीच्या श्रद्धेचा वारसा

मुंबईत अंधेरी येथील सीप्झ औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणाआत एका पुरातन चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. संत योहान बाप्तिस्मा ह्यांच्या नावाचे हे मंदिर येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७९ साली उभारले. त्या काळी येथे साष्टी बेटावरील शेतकऱ्यांची वस्ती होती. गावाचे नाव कोंडिविटे. पोर्तुगीज त्यास कोंदिता म्हणत.

१५३४ च्या वसई तहाने साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात आली होती. १७३९ मध्ये मराठ्यांनी व १७७४ मध्ये इंग्रजांनी ती जिंकून घेतली. राजवटी बदलल्या, तरी येथील ख्रिस्ती ग्रामस्थांनी आपली श्रद्धा जतन केली. मात्र १८४० च्या सुमारास गावात साथीचा रोग पसरला व लोकांना गाव सोडावे लागले. त्यांच्यासाठी जवळच मरोळ येथे संत योहान सुवार्तिक ह्यांच्या नावाने नवे चर्च बांधण्यात आले.

जाताना भाविकांनी जुन्या चर्चमधील बाप्तिस्माकुंड, संतांच्या मूर्ती व खांब नव्या चर्चमध्ये नेले. ह्या कृतीस खोल अर्थ आहे. धर्मग्राम म्हणजे केवळ दगडी वास्तू नव्हे. तो श्रद्धावंतांचा समुदाय होय. ज्या कुंडात पूर्वजांनी नवजन्म घेतला, तेच कुंड पुढील पिढ्यांना लाभावे, हीच त्यामागील भावना असणार.

मागे राहिलेल्या वास्तूचे छप्पर नाहीसे झाले. छप्पर गेले की पावसाचे पाणी भिंतींत मुरते, चुन्याचे सांधे सैल होतात व त्यांत झाडांची मुळे शिरतात. १९७३ साली सीप्झची स्थापना झाल्यावर हे अवशेष कुंपणाआड गेले. तेथे जाण्यास परवानगीची गरज भासू लागली. अलीकडच्या काळात मूळ ग्रामस्थांच्या वंशजांनी तेथे वार्षिक मिस्सा अर्पण करण्याची प्रथा सुरू केली.

बहुतांशी उद्ध्वस्त झालेले पवित्र स्थान आपले अभिषिक्तपण गमावते, असे ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम १२१२ सांगते. म्हणून ह्या भिंतींची निगा राखण्याचा आग्रह कायद्यातून नव्हे, तर कृतज्ञतेतून यावा लागेल. सरकार, धर्मप्रांत व भाविक ह्यांनी एकत्र येऊन हे अवशेष सावरले नाहीत, तर साष्टीच्या ख्रिस्ती इतिहासातील एक मोलाचा साक्षीदार कायमचा मूक होईल.